मंडळाचे खाते मॅस्टोडॉनवर न्यायचे असेल तर क्रम चुकवू नका

गेल्या दोन गणेश चवथींपासून गोव्याच्या फोंडा, डिचोली, पेडणे भागातल्या नाटक मंडळांची, भजनी पथकांची आणि एकदोन वाचनालयांची माणसे माझ्याकडे एकच तक्रार घेऊन येतात : "मॅस्टोडॉनवर खाते उघडले, आठवडाभर फोटो टाकले, पण तिथे कोणीच नाही." मी त्यांचा मोबाइल हातात घेऊन बघतो. माणसे तिथे असतात. खाते उघडायला दहा मिनिटे लागतात, गडबड होते ती क्रमात. जे आधी करायचे ते मागे राहते, मग मंडळी कंटाळून जुन्या जागी परततात. म्हणून हा लेख पायरीपायरीने लिहिला आहे. मंडळासाठी लिहिला असला तरी एकट्या माणसालाही तो तसाच लागू पडतो.

सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट पक्की समजून घ्या. मॅस्टोडॉन ही एका कंपनीची एक साइट नाही. ते समाजमाध्यमाचे मुक्त स्रोत, म्हणजे कोणीही घेऊन चालवू शकेल असे, सॉफ्टवेअर आहे आणि जगभर हजारो लोक आपापल्या सर्व्हरवर ते चालवतात. हे सर्व्हर अॅक्टिव्हिटीपब नावाच्या सामाईक नियमावलीने एकमेकांशी बोलतात, आणि या सगळ्या जाळ्याला फेडिव्हर्स म्हणतात. त्यामुळे तुमचा पत्ता ईमेलसारखा दोन भागांचा असतो : आधी नाव, मग सर्व्हर.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर सर्व्हर म्हणजे कोणाचे तरी भाट (बागायतीची जमीन) आणि तुम्ही त्यातले मुंडकार. घर तुमचे, जमीन दुसऱ्याची. गोव्यात मुंडकाराला 1975 च्या कायद्याचे संरक्षण आहे; सर्व्हरवर तसे काही नाही. पण इथे फॉलोअर घेऊन दुसऱ्या भाटात जाण्याची सोय सॉफ्टवेअरमध्येच आहे. पुढच्या बऱ्याच पायऱ्या ही सोय हातची जाऊ नये म्हणूनच आहेत.

## पायरी 1 : जुन्या जागेवरचा ऐवज उतरवून घ्या

नवे खाते उघडण्याआधी जुन्या पानावरचे फोटो, मजकूर आणि व्हिडिओ स्वतःच्या डिस्कवर आणा. मोठ्या साइट्सच्या सेटिंग्जमध्ये आपली माहिती डाउनलोड करण्याची सोय असते. विनंती पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी बघा :

- तारखांचा टप्पा "ऑल टाइम" आहे ना? अनेकदा आधीपासून थोडाच काळ निवडलेला असतो.
- फोटोंची प्रत "हाय" आहे ना?
- तुम्ही मंडळाच्या पानाची माहिती मागवताय की स्वतःच्या वैयक्तिक खात्याची? हा घोळ हमखास होतो.

फाइल तयार झाल्यावर मिळणारी लिंक काही दिवसांतच बंद होते. ती आली की त्याच दिवशी उतरवा.

तपासणी : झिप उघडून सर्वांत जुन्या जत्रेचा एक फोटो पूर्ण आकारात उघडतो का बघा. उघडला, तरच पुढे जा.

## पायरी 2 : किल्ल्या कोणाकडे, हे आधी ठरवा

आमच्याच मंडळाचा अनुभव सांगतो. एका मोठ्या व्यापारी साइटवरचे आमचे पान एका सदस्याच्या खासगी मोबाइल नंबरावर उघडले होते. तो बोटीवर कामाला गेला, इकडचा नंबर रिचार्ज न झाल्याने बंद पडला. पुढे त्या साइटने ओळख पटवायला त्याच नंबरावर कोड पाठवला. अकरा वर्षांच्या जत्रेतल्या नाटकांचे फोटो आजही त्या पानावर आहेत आणि आम्हाला त्यातला एकही हलवता येत नाही. साइटकडे लिहून झाले, उत्तर आले नाही.

तेव्हा मंडळाच्या नावाचा स्वतंत्र ईमेल उघडा. त्याचा पासवर्ड निदान दोघांकडे ठेवा आणि ते दोघे एकाच घरातले नसावेत. मॅस्टोडॉनला मोबाइल नंबर लागतच नाही, सगळा कारभार ईमेलवर चालतो. म्हणजे तो ईमेल गेला की खातेही गेले.

## पायरी 3 : सर्व्हर निवडा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ द्या. काही जण समोर आलेला पहिला सर्व्हर घेतात. काही जण महिनाभर "सर्वोत्तम" सर्व्हर शोधत राहतात आणि खाते उघडतच नाहीत. दोन्ही टाळा. एक संध्याकाळ पुरते.

जॉइनमॅस्टोडॉन या अधिकृत साइटवर सर्व्हरांची यादी आहे. त्या यादीत येणाऱ्या सर्व्हरांना एक करार पाळावा लागतो : वंशद्वेष, स्त्रीद्वेष यांसारख्या गोष्टींवर कारवाई, रोजचा बॅकअप, अडीअडचणीला सर्व्हर हाताळू शकणारा निदान आणखी एक माणूस, आणि बंद करायचे झाल्यास किमान तीन महिन्यांची पूर्वसूचना. सुरुवात त्या यादीतूनच करा.

मग निवडलेल्या सर्व्हरचे "अबाउट" पान उघडून या क्रमाने वाचा :

1. चालवणारा कोण? नाव आणि संपर्क दिला आहे का? दिला नसेल तर तो सर्व्हर सोडा.
2. नियम काय आहेत? धार्मिक कार्यक्रम, जाहिरात, तिकीटविक्री यांवर बंधने आहेत का बघा. नाटकाची तिकिटे विकणे काही सर्व्हर व्यापारी मजकूर धरतात.
3. खर्च कोण भागवतो? देणग्या येतात की एकाच माणसाच्या खिशातून सगळे चालते?
4. कोणते दुसरे सर्व्हर अडवले आहेत? बरेच सर्व्हर ही यादी कारणांसह दाखवतात. यादी असणे चांगलेच, म्हणजे कोणीतरी लक्ष ठेवून आहे. फक्त तुमची माणसे ज्या सर्व्हरवर आहेत तो त्यात नसावा.

"मराठी सर्व्हर कुठला?" असे सगळे विचारतात. मराठीत लिहायला मराठी सर्व्हर लागत नाही. जर्मनीतल्या सर्व्हरवर बसूनही वाळपईच्या वाचकापर्यंत पोचता येते, कारण फॉलो करताना सर्व्हरची हद्द आड येत नाही. भाषेपेक्षा सर्व्हर चालवणारा किती जबाबदार आहे हे बघा. निर्णयच होत नसेल तर मॅस्टोडॉन प्रकल्पाचाच मॅस्टोडॉन डॉट सोशल घ्या. तो सर्वांत मोठा आहे, गर्दी आहे, पण सुरुवातीला चालतो. पुढे हलता येते.

सावधान : "आपणच सर्व्हर टाकूया" हा उत्साह मंडळातल्या एखाद्या तंत्रज्ञ मुलाला येतोच. मला त्याचे कौतुक आहे, तरीही नको म्हणा. सॉफ्टवेअर फुकट आहे. डोमेन, ईमेल पाठवण्याची सेवा, दर महिन्याला फुगत जाणारी फोटोंची साठवण आणि मध्यरात्री येणारे अपडेट फुकट नाहीत. आणि घरच्या मीटरवर तर मुळीच नको : मृगाच्या पहिल्या पावसात वाड्यावरची वीज गेली की सर्व्हरही गेला. मुलगा शिकायला बाहेर गेला की मागे तो बघणारा कोणी नसतो.

## पायरी 4 : नोंदणी

वापरनाव फक्त रोमन अक्षरे, आकडे आणि अंडरस्कोअर यांतच चालते. ते पुढे बदलता येत नाही, म्हणून त्यात वर्ष किंवा चालू नाटकाचे नाव घालू नका. दाखवायचे नाव मात्र देवनागरीत द्या आणि ते छोटे ठेवा. तिथे 30 अक्षरांची मर्यादा आहे. "श्री अमुकतमुक देवस्थान सांस्कृतिक व नाट्य मंडळ" त्यात बसत नाही.

काही सर्व्हर अर्ज वाचून मगच प्रवेश देतात. त्या रकान्यात "हाय" लिहिणाऱ्यांचे अर्ज फेटाळले जातात, कारण स्पॅम करणारेही तेवढेच लिहितात. दोनतीन खरी वाक्ये पुरतात : आम्ही गोव्यातल्या गावातले हौशी नाट्यमंडळ आहोत, मराठीत लिहू, तालमींचे आणि जत्रेचे फोटो टाकू.

पुष्टीचा ईमेल दहा मिनिटांत आला नाही तर स्पॅम फोल्डर बघा. तिथेही नसेल तर पुन्हा पाठवायला सांगा. दुसरे खाते उघडू नका.

आता लगेच, फोटो टाकायच्याही आधी, दोन टप्प्यांची सुरक्षा (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी) चालू करा. त्या वेळी पडद्यावर दहा रिकव्हरी कोड येतात, मोबाइल हरवला तर आत येण्यासाठी. त्यांचा स्क्रीनशॉट त्याच मोबाइलमध्ये ठेवणे ही नेहमीची चूक. मोबाइल विहिरीत पडला तर कोडही विहिरीत. कागदावर लिहा.

तपासणी : लॉगआउट करा आणि दुसऱ्या माणसाच्या मोबाइलवरून आत या. येता आले तर ही पायरी झाली.

## पायरी 5 : आधी प्रोफाइल, मग फॉलो

तुम्ही कोणाला फॉलो केले की तो माणूस उलट येऊन तुमचे पान बघतो. तिथे चित्र नाही, ओळख नाही, एकही पोस्ट नाही असे दिसले की तो स्पॅम समजून पुढे जातो. तो पुन्हा बघायला येत नाही. म्हणून फॉलो करण्याआधी एवढे भरा :

- चित्र : मंडळाचे बोधचिन्ह किंवा एखादा ठसठशीत प्रसंग. पन्नास जणांचा समूहफोटो अंगठ्याएवढ्या गोलात कोणाला कळत नाही.
- ओळख : गाव, तालुका, काय करता, कोणत्या भाषेत लिहिता.
- खालचे चार रकाने : संकेतस्थळ असेल तर इथे द्या. त्या संकेतस्थळावरून तुमच्या मॅस्टोडॉन पानाकडे "रेल मी" (rel="me") ही कोडमधली खूण असलेला दुवा दिला, की रकाना हिरवा होतो. खाते खरे असल्याची हीच खूण. तिला पैसे पडत नाहीत.
- दोनतीन पोस्ट, त्यांतली एक स्वतःची ओळख करून देणारी. ती पिन करा.

मग "प्रायव्हसी अँड रीच" हे सेटिंग उघडा. तिथे आपल्या सार्वजनिक पोस्ट शोधात दिसू द्यायच्या का, असा पर्याय असतो. तो तुम्ही चालू केल्याशिवाय तुमच्या पोस्टचा मजकूर शोधात येत नाही. मंडळाने तो चालू करावा. वैयक्तिक खात्यासाठी ज्याने त्याने ठरवावे.

## पायरी 6 : माणसे शोधा, आणि या सापळ्यात अडकू नका

"कोणीच नाही" या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते. फेडिव्हर्सवर कोणतेही यंत्र तुमच्यापुढे माणसे आणून टाकत नाही. मुख्य पानावर तुम्ही फॉलो केलेलेच दिसते, तेही आलेल्या क्रमाने. फॉलो शून्य तर पान कोरे.

सापळा असा : व्हॉट्सअॅपवर कोणीतरी दुवा पाठवतो, तुम्ही तो उघडता, दुसऱ्याच सर्व्हरचे पान समोर येते. तिथे फॉलो दाबले की ते लॉगिन मागते. तुमचा पासवर्ड तिथे चालत नाही, कारण तुमचे घर वेगळ्या सर्व्हरवर आहे. मग माणूस तिथेही खाते उघडतो. एका वाचनालयाची अशी चार खाती मी मोजली.

करायचे एवढेच : त्या माणसाचा पूर्ण पत्ता किंवा पानाचा दुवा कॉपी करा, आपल्या सर्व्हरच्या किंवा अॅपच्या शोधचौकटीत चिकटवा, तिथे दिसणाऱ्या नावावर फॉलो दाबा. त्या पानावर जुन्या पोस्ट दिसल्या नाहीत तर घाबरू नका. तुमच्या सर्व्हरवर त्या माणसाला आजवर कोणी फॉलो केले नसेल, तर त्याच्या मागच्या पोस्ट तिथे पोचलेल्याच नसतात. इथून पुढच्या येतील.

माणसांबरोबर हॅशटॅगही फॉलो करा : मराठी, गोवा, नाटक, देवनागरीत आणि रोमनमध्ये दोन्ही. पहिल्या आठवड्यात तीसचाळीस खाती झाली की पान हलते दिसू लागते. फेडिव्हर्समधल्याच पिक्सेलफेडवरचे छायाचित्रकार आणि पीअरट्यूबवरचे व्हिडिओ चॅनलही याच शोधचौकटीतून फॉलो होतात, त्यांच्यासाठी वेगळे खाते लागत नाही. ब्लूस्काय या दुसऱ्या समाजमाध्यमाचे जाळे मात्र वेगळ्या नियमावलीवर चालते. तिथली खाती दोन्ही जाळी जोडणारी मधली सेवा असल्याशिवाय इथून फॉलो होत नाहीत.

## पायरी 7 : पहिली खरी पोस्ट

पोस्ट लिहिण्याच्या चौकटीपाशी भाषेचे बटण असते. तिथे इंग्रजी दिसत असेल तर मराठी निवडा. लोक सार्वजनिक यादी भाषेप्रमाणे गाळतात. तुमची मराठी पोस्ट इंग्रजी म्हणून गेली, तर फक्त मराठी निवडून बसलेल्याला ती त्या यादीत दिसणारच नाही.

मर्यादा साधारण 500 अक्षरांची आहे. दुवा कितीही लांब असो, तो 23 अक्षरांचाच धरला जातो. हॅशटॅगमध्ये रिकामी जागा किंवा आडवी रेघ आली की तो तिथेच तुटतो. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नसतात, म्हणून शब्द अंडरस्कोअरने जोडा : जत्रेतले_नाटक. पोस्ट गेल्यावर पूर्ण हॅशटॅग रंगीत झाला का ते बघा. अर्धाच रंगला असेल तर मध्ये काहीतरी अडकले आहे, पुन्हा टंका.

आता फोटोचे वर्णन. अॅपमध्ये ते "ऑल्ट" नावाने दिसते. आपली मंडळी ते सरसकट रिकामे सोडतात. दृष्टिहीन वाचकाचा मोबाइल हेच वर्णन वाचून दाखवतो, आणि वर्णन नसलेला फोटो पुढे पाठवायचा नाही असे फेडिव्हर्सवरच्या बऱ्याच लोकांनी स्वतःपुरते ठरवलेले आहे. म्हणजे वर्णन नाही, तर पोस्ट पुढे सरकत नाही.

चवथीला एका सदस्याने माटोळीचा फोटो टाकला. पहिल्यांदा वर्णनात लिहिले "माटोळी". मग "आमची सुंदर माटोळी". फोटो न दिसणाऱ्याला दोन्हींतून काहीच मिळत नाही. शेवटी आम्ही दोघे फोटो मोठा करून बसलो आणि डावीकडून उजवीकडे लिहीत गेलो : "गणपतीच्या वर छताला टांगलेली लाकडी चौकट. मधोमध नारळाची पेंड, दोन्ही बाजूंना सुपारीची शिपटी. पुढच्या कडेला दोन तवशी आणि एक तोरिंग. कोपऱ्यात आंबाड्यांचे घोस, मधल्या जागेत कांगल्यांचे झुबके. मागे केळीचा अर्धवट पिकलेला घड." हे लिहिताना त्याच्या आजीने आतून सांगितले की तोरिंगाच्या मागे माट्टीही बांधली आहे. फोटोत ती जेमतेम दिसत होती; तीही वर्णनात आली. 1500 अक्षरांपर्यंत जागा असते, एवढे आरामात मावते.

सावधान : ढालोतल्या बायकांचे, शिगम्यात नाचणाऱ्या मुलांचे फोटो टाकण्यापूर्वी विचारा. पोस्ट पुसली तरी ती जिथे जिथे पोचली त्या प्रत्येक सर्व्हरवरून जाईलच याची हमी नाही. पुसण्याचा निरोप जातो, पण तो पाळणे त्या सर्व्हरच्या हातात असते.

## पायरी 8 : पोस्ट कोणाला दिसणार ते दर वेळी बघा

चार पर्याय असतात : सर्वांना, सर्वांना पण गाजावाजा न करता, फक्त फॉलोअरना, आणि फक्त उल्लेख केलेल्यांना. दुसऱ्या पर्यायातल्या पोस्ट हॅशटॅगमध्ये आणि शोधात येत नाहीत. कार्यक्रमाची घोषणा चुकून त्यात गेली की ती तिथेच पडून राहते. उलट एकाच विषयावर सलग दहा पोस्ट टाकायच्या असतील तर पहिली सर्वांना आणि बाकीच्या या पर्यायात द्याव्यात, म्हणजे इतरांची पाने तुमच्यानेच भरत नाहीत.

चौथ्या पर्यायाला खासगी निरोप समजू नका. तो कुलूपबंद नसतो. सर्व्हर चालवणारा तांत्रिकदृष्ट्या तो वाचू शकतो. शिवाय त्यात तिसऱ्या कोणाचा पूर्ण पत्ता लिहिलात, तर तो निरोप त्यालाही जातो. नटांचे मानधन, घरचे फोन नंबर, बँकेचा तपशील इथे कधीही नको. मंडळाला आतल्या चर्चेसाठी मुक्त स्रोत साधनच हवे असेल तर मॅट्रिक्स आहे, एलिमेंट अॅपवरून वापरता येते. मात्र त्याची रिकव्हरी की रिकव्हरी कोडांच्याच कागदावर उतरवून ठेवा, ती हरवली की जुने कुलूपबंद निरोप उघडत नाहीत.

## पायरी 9 : जुन्या पानावर सांगा, पण ते बंद करू नका

ही घोषणा शेवटी करायची. नवे पान भरलेले, दहापंधरा पोस्ट झालेल्या, चार ओळखीची माणसे बोलती झालेली, अशा अवस्थेत दुवा द्या. रिकाम्या घरी पाहुणे बोलावू नका.

निदान एक जत्रा आणि एक चवथ दोन्ही पाने चालू ठेवा. फक्त फोटो आधी नव्या पानावर टाका, जुन्या पानावर त्याचा दुवा द्या. यंत्राने आपोआप इकडची पोस्ट तिकडे टाकणारी साधने मिळतात, मी ती बंदच ठेवतो : उत्तरे येतात आणि त्यांना बोलायला कोणी नसते. वापरायचीच असतील तर सेटिंगमध्ये खाते स्वयंचलित असल्याची खूण करा.

## पायरी 10 : सर्व्हर बदलायचा झाल्यास

इथे क्रम चुकला तर नुकसान भरून येत नाही.

1. जुन्या खात्यावर "इम्पोर्ट अँड एक्स्पोर्ट"मधून याद्या उतरवा : फॉलो, ब्लॉक, म्यूट, बुकमार्क. पोस्टचे संग्रहणही मागवा. ते 7 दिवसांतून एकदाच मिळते.
2. नव्या सर्व्हरवर खाते उघडा, प्रोफाइल भरा.
3. नव्या खात्यावर जाऊन जुन्या खात्याचा पूर्ण पत्ता उपनाम (अलायस) म्हणून जोडा. हे राहिले तर पुढची पायरी अडते.
4. जुन्या खात्यावर जाऊन "मूव्ह" करा.
5. नव्या खात्यावर याद्या चढवा.

फॉलोअर यादीतून येत नाहीत, ते फक्त मूव्हने येतात, आणि त्याला काही तास लागू शकतात. जुन्या पोस्ट येत नाहीत, त्या जुन्या पत्त्यावरच राहतात. एकदा हललात की 30 दिवस पुन्हा हलता येत नाही.

सावधान : मूव्ह करण्याआधी जुने खाते पुसू नका. पुसलेत की फॉलोअर गेले, आणि त्या सर्व्हरवर तेच वापरनाव पुन्हा मिळत नाही.

## पायरी 11 : वार्षिक सभेत किल्ल्या सोपवा

महिन्यातून एकदा याद्या आणि संग्रहण उतरवून मंडळाच्या डिस्कवर ठेवा. सर्व्हरच्या देणगीला मंडळाच्या जमाखर्चात एक ओळ द्या. महिन्याला शंभर-दोनशे रुपये जड नाहीत आणि ज्याच्या भाटात राहतो त्याचा वीजबिलाचा भार थोडा हलका होतो.

नवी कार्यकारिणी निवडली की त्याच बैठकीत, मागाहून नव्हे, ईमेलचा आणि खात्याचा पासवर्ड बदला, नवे रिकव्हरी कोड काढा, जुन्या कोडांचा कागद फाडा. "अकाउंट" सेटिंगमध्ये कोणकोणत्या मोबाइलवर खाते उघडे आहे त्याची यादी असते. ज्यांच्याकडे आता जबाबदारी नाही ते मोबाइल तिथून काढा. आमच्या मंडळात नव्या कोडांचा कागद दोन पाकिटांत जातो : एक खजिनदाराच्या घरी, दुसरे रंगभूषेच्या पेटीच्या कुलपी कप्प्यात.